पाहुणे आले कुठून?

एकदा एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला मोठा विलक्षण प्रश्न पडला. गिऱ्हाईक भरभरून येत होतं, पण ते येतं कुठून, हेच कळेना.

त्याचं दुकान वेबसाइटवर होतं. लोक मोबाइल उघडत आणि घरबसल्या गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट मागवत. कोण कुठल्या वाटेने आलं, याची नोंद ठेवायला एक तरुणी होती. तिला शिष्या म्हणू या, कारण ही विद्या ती एका वृद्ध गुरुजींकडे शिकली होती आणि अजूनही कुठं अडलं की त्यांच्याचकडे धावायची. गुढीपाडव्यापर्यंत तिच्या अहवालात सारं स्वच्छ दिसे: अमुक लोक जाहिरात पाहून आले, तमुक कुमुदताईंच्या पाककृती वाचून आले. पाडव्यानंतर मात्र सगळ्यांच्या पुढे एकच शब्द उमटू लागला, ‘अज्ञात’.

कुमुदताई म्हणजे मसाल्यावर जीव असलेल्या एक गृहिणी. त्या इंटरनेटवर पाककृती लिहीत आणि प्रत्येकीच्या शेवटी व्यापाऱ्याच्या दुकानाची लिंक देत. त्याबद्दल व्यापारी त्यांना मानधन देई आणि त्यावरच त्यांचं घर चाले.

व्यापारी शिष्येला म्हणाला, “कुमुदताईंच्या नावापुढे पाडव्यापासून शून्य आहे. सोमवारी पक्का अहवाल द्या, म्हणजे त्यांचं काम थांबवतो. तसं होऊ शकतं, एवढं मी त्यांच्या कानावर घातलंय.”

“आणि शेठ, ते अज्ञात लोक?”

“ते होय? ती आमच्या वडिलांची पुण्याई!” व्यापाऱ्याने वर बघून हात जोडले.

शिष्या कामाला लागली. तिने नोंद ठेवणारी यंत्रणा तपासली, सगळ्या खटक्या-बटणांची उलटापालट केली, स्वतःच्या संगणकावरून दुकान उघडून पाहिलं. तिची स्वतःची नोंद बिनचूक झाली. दोष कुठंच नव्हता आणि तरीही एका निरपराध बाईचं काम आपल्या सहीने जाणार, या विचाराने तिला अन्न गोड लागेना. शेवटी तिने गुरुजींचं घर गाठलं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं, आपल्या मोबाइलवर थोडा वेळ काहीतरी पाहिलं आणि मिश्कील हसले. “रविवारी तुझ्या शेठना माझ्याकडे मिसळ खायला बोलाव. आणि माझ्या तीन मित्रांना निरोप दे. म्हणावं, तुमची-तुमची माणसं पाठवा. एकाने आपल्या माणसांच्या हाती मोगरा द्यावा, दुसऱ्याने सोनचाफा, तिसऱ्याने झेंडू.”

“गुरुजी, सोमवारी अहवाल द्यायचाय हो!”

“म्हणूनच तर रविवारी म्हणतोय.”

रविवारी गुरुजींचं अंगण गजबजून गेलं. व्यापाऱ्याला आत मानाच्या पाटावर बसवलं होतं. गुरुजी मात्र धुतलेलं धोतर नेसून दारातच उभे. येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत, त्याच्या हातातलं फूल हळूच काढून परातीत ठेवत, मनगटाला अत्तर लावत आणि हातात एक टपोरा गुलाब देत. “या, या, बसा!” शिष्येला काही उमजेना. ही हौस करायची वेळ आहे का, असं तिच्या मनात आलं. पण गुरुजींना कोण विचारणार?

आत मिसळीचा घमघमाट सुटला होता. मसाला आपलाच आहे, हे पहिल्या घासाला ओळखून व्यापारी भलताच खूश झाला. तेवढ्यात गुरुजी त्याच्याजवळ येऊन बसले.

“शेठ, सांगा पाहू, यातली कोणती माणसं कुणी धाडली?”

व्यापाऱ्याने पंगतीवर नजर फिरवली. सगळ्यांजवळ गुलाब. “कसं सांगणार, गुरुजी? सगळे तुमचेच पाहुणे दिसतात. ओळखीची फुलं तर तुम्हीच दारात काढून घेतलीत!”

शिष्येच्या हातातला पाव तसाच राहिला. “गुरुजी! स्वागताचं पान!”

पाडव्याच्या मुहूर्तावर व्यापाऱ्याने आपल्या वेबसाइटच्या दारात हौसेने एक नवं पान बसवून घेतलं होतं. त्यावर सनई वाजे, हार घातलेला वडिलांचा फोटो दिसे, ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरं उमटत आणि मग आपोआप दुकान उघडे.

गुरुजी म्हणाले, “शेठ, लिंकवरून येणारा प्रत्येक पाहुणा आपण कुठून आलो याची एक खूण बरोबर आणतो. तुमचं स्वागताचं पान ती खूण दारातच ठेवून घेतं आणि त्याला नव्याने आत पाठवतं. आत मोजणाऱ्याने काय ओळखायचं? आणि पोरी, तुझी चूक एवढीच की तू दुकानाचं आतलं पान थेट उघडत होतीस. घरच्या माणसाला दारातलं स्वागत कधी दिसत नाही. मी कुमुदताईंच्या पाककृतीवरून निघालो, म्हणून मला सनई ऐकू आली. जे वाटेत हरवलं, ते शोधायला पाहुण्याच्या पायांनीच चालावं लागतं. कुणाला अज्ञात म्हणण्याआधी, त्याच्या हातातलं आपणच काही काढून घेतलं नाही ना, एवढं बघावं.”

व्यापारी ओशाळला. “मग वडिलांचा फोटो काढून टाकू?”

“छे, छे! स्वागत मनसोक्त करा. फक्त पाहुण्याचं फूल त्याच्याच हातात राहू द्या.”

पंगतीत हशा पिकला. शिष्येने हात धुतले आणि तिथेच ओसरीवर बसून स्वागताच्या पानाची दुरुस्ती केली. सोमवारी दुरुस्तीनंतर आलेल्या लोकांचा अहवाल उघडला तेव्हा सगळ्यांत वर कुमुदताईंचं नाव होतं. थोडे लोक अज्ञात उरलेच. कुणा शेजारणीने तोंडी नाव सांगितलं असेल. त्याची खूण कोण ठेवणार? शिष्येने तेवढे आनंदाने वडिलांच्या पुण्याईत धरले.

व्यापाऱ्याने लगेच फोन लावला. पलीकडून कुमुदताईच घाईघाईने म्हणाल्या, “शेठ, काम थांबवायचं असेल तर थांबवा. पण भरल्या वांग्याची लिहून झालीय, तेवढी तरी घ्या.”

व्यापारी म्हणाला, “ताई, थांबवायचं कसलं? माझं निम्मं दुकान तुम्ही भरवलंत आणि मला ते कळलंच नाही. मला माफ करा. लिहा, हवं तेवढं लिहा.”

पलीकडून ओल्या आवाजात उत्तर आलं, “मग मीठ बेताने घाला, हेही लिहिते. तुमच्या मसाल्यात ते आधीच जास्त आहे.”

व्यापारी असा खदखदून हसला की शिष्येलाही हसू आवरेना.

आपल्या दारीही पुष्कळ सुख आपोआप आल्यासारखं येतं. त्याला कधीतरी मायेने विचारावं, बाबा रे, तुला कुणी धाडलं?