वाढीवकाकूंचे दहा गुण

फार फार पूर्वी, म्हणजे आज सकाळी संगणक चालू झाला तेव्हा, जावा या संगणकभाषेतल्या एका प्रोग्रॅममध्ये गुणू नावाचा डबा राहत होता. त्याच्या पोटात तीस गुण होते आणि पास व्हायला पस्तीस लागत होते.

शेजारच्या फंक्शनमध्ये वाढीवकाकू असत. हाती येईल त्या आकड्यात दहा मिळवायचे, हेच त्यांचं काम. त्यांच्याकडून बोलावणं आलं तसा गुणू नवरदेवासारखा नटून निघाला. पण तिथल्या रीतीप्रमाणे त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. त्याच्यातला आकडा पाहून तसाच तीस एका कोऱ्या डब्यात घातला आणि तो डबा आत नेला.

"मोठ्यांची कामं अशी परस्परच होतात," गुणू शेजारच्या डब्यांना ऐकवून म्हणाला. इतक्यात आतून काकूंचा आवाज आला, "झाले चाळीस!" त्या क्षणापासून गुणूने नापास डब्यांशी बोलणं सोडलं.

मग निकाल छापला गेला. गुणू : तीस, नापास.

तो तणतणत काकूंच्या दारात गेला. "काकू, फसवलंत मला! कुठे वाढवलेत गुण?"

"वाढवले की. ज्या डब्यातून आले, त्यातच वाढवले. तुझ्या झाकणाला मी हात तरी लावला का?"

"मग ते चाळीस मला परत द्यायचे होते!"

"परत द्या, असं मला कोणी सांगितलं होतं?"

गुणूचा आवाज खाली आला. "त्या आतल्या डब्याचं काय झालं?"

काकू पदर खोचून केर काढत होत्या. "तो होय? पास झाला हो," त्या म्हणाल्या, "आणि माझं काम संपलं तसा इथंच वारला."