घरधन्याच्या हातची भिक्षा

"महाराज, सुनेच्या खांद्यावर भार टाकून मोरीपर्यंत जायचं... हे मी कुठल्या तोंडानं करू?"

सोमगिरी महाराज उन्हातून चालत आले होते. खाटेजवळच्या खुर्चीवर टेकून ते आपल्या शिष्याच्या, त्र्यंबकबुवांच्या, सुकलेल्या ओठांकडे बघत राहिले.

त्र्यंबकबुवा म्हणजे तालुक्यातले नावाजलेले प्रवचनकार. देह नाशिवंत आहे, त्याचे लाड करू नका, हे सांगायला उभे राहिले की तासन्‌तास खाली बसायचे नाहीत. त्याच देहातल्या आतड्यात गाठ निघाली. पोट उघडून ती काढावी लागली. छातीखालून ओटीपोटापर्यंत टाके घेऊन बुवा घरी आले, आणि कूस बदलायचीसुद्धा चोरी झाली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरांचं सोडा, महाराज," बुवा म्हणाले.

खरं उत्तर दारातून आलं. बुवांची सून वैजयंती तिथं उभी होती.

"भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. कुणाला तरी धरून घरातल्या घरात चालायलाही सांगितलंय. आबा दोन्ही करत नाहीत. लघवी नीट होत नाही, अंगात कणकण आहे. असंच चाललं तर परत दवाखान्यात न्यावं लागेल, आणि या वेळी निभावेलच असं नाही म्हणाले."

"निर्जळीचा नेम धरलाय मी," बुवा भिंतीकडे बघत म्हणाले. "गोळीपुरता घोट. बास."

"कधीपासून?"

"घरी आल्यापासून."

"दवाखान्यात नव्हता का नेम?"

...

दवाखान्यात लघवीला नळी होती. तिथं कुणाला हाक मारावी लागत नव्हती. घरी आल्यावर बुवांनी हिशोब सोपा केला होता. पाणीच प्यायलं नाही, तर उठायला नको. उठायला नको, तर धरायला कुणी नको. मुलगा कामावरून संध्याकाळी यायचा. तोवर कळ दाबून पडून राहायचं आणि त्याला तप म्हणायचं.

महाराजांनी नेमाबद्दल पुढं विचारलं नाही.

"त्र्यंबका, मठात असताना भिक्षेला जायचास. आठवतं?"

"आठवतं."

"गावात आधी निरोप धाडायचास. मी येतोय, काढून ठेवा."

बुवा चपापले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ही लबाडी महाराजांच्या कानावर गेलीच नाही.

"तोंडातून शब्द फुटत नसे, महाराज. परक्याच्या दारात उभं राहून ‘वाढा’ म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"हूं."

महाराज उठले. खांद्यावरची झोळी काढून हातात घेतली, आणि खोलीतून सरळ बाहेर चालू लागले.

"निघालात?"

"नाही. भिक्षेला आलोय."

ते उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले. तिथून त्यांची हाक आली. वय झालं तरी आवाज खणखणीत होता.

"त्र्यंबका, भिक्षा घाल!"

वैजयंती लगबगीनं आत गेली आणि सुपात शिधा घेऊन आली. महाराजांनी झोळीच्या तोंडावर हात ठेवला.

"तुझी नको, बाळ. आज घरधन्याच्या हातची."

"पण ते उठतील कसे?"

महाराज झोळी धरून तिथंच उभे राहिले.

बुवा पडल्या पडल्या ऐकत होते. मठाची रीत त्यांना पाठ होती. हाक एकदाच मारायची. गाईची धार काढून होईल एवढा वेळ थांबायचं. मग मागं न बघता निघायचं. प्रत्यक्ष गुरू आपल्या दारातून रिकामी झोळी घेऊन जाणार होते.

बुवांनी आधी एकट्यानंच उठायचा प्रयत्न केला. कोपरावर जोर दिला मात्र, पोटातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. ते परत उशीवर पडले.

...

बाहेर काही आवाज नव्हता.

बुवांना लाज वाटत होती, हे खरं. पण खरं तर ते घाबरले होते. एकदा हा खांदा धरला की तो कधी सुटणारच नाही, आपण असेच धरून उठवायचे, धरून बसवायचे होऊन जाऊ, ही ती भीती होती. आणि ज्या खांद्याची गोष्ट, तो वैजयंतीचा. बुवांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं वैजयंतीनंच केलं होतं. बुवा त्या दिवसांत बाहेर ओट्यावर सेवेचा महिमा सांगत होते.

एखादी अडेल गायसुद्धा एव्हाना पिळून झाली असती.

"महाराज आहेत का अजून?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आहेत," वैजयंती म्हणाली. ती खोलीच्या दाराशी येऊन उभी होती. आत मात्र आली नाही. बोलावल्याशिवाय यायचं नाही, असं आबांनीच बजावलेलं.

...

"वैजू."

"हं, आबा."

"मला... धर."

तिनं त्यांना कुशीवर वळवलं. आधी पाय खाटेखाली सोडले, मग पाठीला हात घालून बसवलं. पोटावर एक उशी दाबून धरायला दिली. बुवांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. हाडं तेवढी राहिलेली. तिला भडभडून आलं, पण तिनं तोंडावर काही दाखवलं नाही.

दोघं निघाले. खाट ते स्वयंपाकघर केवढं अंतर ते; बुवांना वाटेत थांबून भिंतीला टेकावं लागलं. तेवढ्यात लुंगीची गाठ सैल झाली. एक हात सुनेच्या खांद्यावर, दुसरा उशीवर. बुवांनी डोळे घट्ट मिटले.

वैजयंतीनं न बघता गाठ मारली.

"आबा, तांदूळ घालायचे की ज्वारी? ज्वारी नवी आहे, कालच निवडून ठेवलीय."

बुवांना एकदम रडू आलं. रडायला पोटात जोर लागतो, म्हणून नुसतं पाणी वाहिलं.

"ज्वारी," ते म्हणाले.

डब्यातून त्यांनी आपल्या हातानं मूठ भरली. उंबऱ्यापर्यंत पोचता पोचता निम्मी वाटेतच सांडली. दाराबाहेर महाराज होते तसेच उभे होते. घामानं भिजले होते. त्यांनी झोळी पुढं केली.

मूठ उघडली. चार दाणे तळहाताला चिकटून राहिले, ते वैजयंतीनं बोटानं खाली लोटले.

महाराजांनी झोळी कपाळाला लावली.

"पाणी," बुवा पुटपुटले.

"काय, आबा?"

"पाणी दे गं मला."

त्यांना चौकटीला टेकवून, एका हातानं सावरत तिनं कोनाड्यातला तांब्या घेतला. बुवा उभ्यानंच पाणी प्यायले. घटाघट नाही, अडखळत, पण तांब्या रिकामा केला. वैजयंती तोंड वळवून पदरानं डोळे पुसत होती.

बुवांच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली. आपण दारापर्यंत चालत आलो, हे आत्ता कुठं त्यांच्या ध्यानात येत होतं. त्यांनी मान ताठ केली. सभेत करायचे, तशी.

"महाराज, उद्या या. उद्या बघा, कुणाला न धरता येतो. एकटा येऊन भिक्षा घालतो तुम्हाला."

...

महाराजांनी झोळी खांद्यावर टाकली.

"एकटा येणार असशील," ते म्हणाले, "तर मी दुसरं घर बघतो."