हिऱ्याचे पाणी, भिवरेची घागर

हिऱ्यात आणि गारगोटीत ज्याचे तेज सारख्याच मायेने नांदते, त्या नारायणास प्रथम वंदन. जिच्या कृपेने बोबडी जीभही कथा सांगू धजते, त्या शारदेस दुसरे वंदन. आता कथेकडे कान द्यावा.

कनकगडचा राजा हंबीरदेव कुलदेवीच्या मुकुटासाठी पहिल्या पाण्याचा हिरा अर्पण करण्याचा नवस बोलला होता. हिरा आला, टपोऱ्या बोराएवढा! पण त्याचे पाणी, म्हणजे त्याचा निर्मळपणा आणि झळाळी, कोणत्या प्रतीचे, हेच ठरेना. दरबारी रत्नपारखी तीन आणि त्यांचे निकालही तीन. वृद्ध गंगाजीपंत म्हणाले, हिरा पहिल्या पाण्याचा. त्र्यंबकशेट म्हणाले, दुसऱ्या. मकाजी म्हणाले, तिसऱ्या. आणि वर मान हलवून सुस्कारा सोडला तो वेगळाच.

राजाचा संताप अनावर झाला. हिरा एक, तर त्याचे पाणीही एकच. तेव्हा तिघांपैकी दोघे लबाड! ते दोघे कोण, हे उद्या सूर्य माथ्यावर येण्याआधी कोणी सिद्ध केले नाही, तर तिघांनीही आपापली भिंगे ठेवून राज्याची सीमा ओलांडावी, असा हुकूम सुटला.

राजवाड्यात पाणी भरणारी भिवरा त्या वेळी दरबारच्या रांजणात घागर रिकामी करीत होती. गंगाजीपंतांच्या घरीही तीच पाणी भरी. पंतांच्या पत्नीचे गुडघे अंगणापर्यंत चालायला कुरकुरत, ती माउली सीमेपर्यंत कशी जाणार, याची भिवरेला काळजी पडली. शिवाय तिने एक गोष्ट पाहिली होती. तिघांनी हिरा वेगवेगळ्या वेळी पारखला, तेव्हा पाणी द्यायला ती तिन्ही वेळा तिथेच होती.

घागर खाली ठेवून ती पुढे आली आणि म्हणाली, "महाराज, लबाड कोण ते मी उद्या दाखवते."

दरबारात खसखस पिकली. राजा म्हणाला, "बाई, तू पाणी भरणारी. हिऱ्याच्या पाण्यातलं तुला काय कळणार?"

"महाराज, या दरबारात माझ्याइतकं पाणी कोणी पाहिलंय?"

राजाच्या ओठांच्या कडा हलल्या. पण राजेपणा सुटला नाही. चुकलीस तर तुझी घागरही वेशीबाहेर जाईल, असे त्याने बजावले. भिवरेने पदर खोचून होकार दिला.

राजाला स्वतःच्या जिभेचा मोठा अभिमान. पाण्याचा घोट घेताच ते कोणत्या विहिरीचे, हे आपण सांगतो, असे तो पाहुण्यांना आवर्जून ऐकवी. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरेने त्याच्यापुढे तीन वाट्या मांडल्या आणि तिन्ही पाण्यांची प्रत ठरवून द्यावी, अशी विनंती केली. रिकाम्या तोंडी राजाला पाणी देणे बरे नव्हे, म्हणून प्रत्येक वाटीआधी तिने काहीतरी खायला दिले. पहिल्या वाटीआधी पेढा, दुसरीआधी आवळ्याची फोड आणि तिसरीआधी भिजवलेल्या मेथीचे चार दाणे.

राजाने पहिला घोट घेऊन नाक मुरडले. हे पाणी अगदी मचूळ! दुसऱ्या घोटाला त्याचे डोळे मिटले. हे डोंगरातल्या झऱ्याचे, साखरेसारखे गोड! तिसऱ्या घोटाला मात्र तो खाकरला. हे कडवट, पाला कुजलेल्या तळ्यातले!

"निकाल पक्का ना, महाराज?"

"हंबीरदेवाची जीभ चुकत नाही."

भिवरेने काखेतली घागर पुढे ठेवली. "तिन्ही वाट्या या एकाच घागरीतून भरल्या आहेत. पाणी एक आणि निकाल तीन. आता आपणच सांगावं, तिघांपैकी लबाड महाराज कोणते दोन?"

प्रधानजी छताची नक्षी नव्याने न्याहाळू लागले.

मग भिवरेने सारे उलगडून सांगितले. पंतांनी हिरा सकाळी उत्तरेच्या खिडकीत, पांढऱ्या कापडावर पाहिला. मकाजींनी तो दिवेलागणीला समईपाशी पाहिला. ज्योतीचा पिवळेपणा हिऱ्यात उतरला. त्र्यंबकशेटांनी दरबारात पाहिला, त्या वेळी डोक्यावर केशरी छत होते. त्यातून ताडून पाहायचा नमुन्याचा खडाही ज्याचा त्याचा निराळा. जिभेवर आधीची चव, तशी डोळ्यांवर आधीची छटा.

राजाने तत्काळ तिघांना उत्तरेच्या खिडकीत बसवले. कापड एक, नमुना एक, उजेड एक. मकाजींनी भिंगातून पाहिले, लाजून हसले आणि पंतांच्या शेजारी सरकले. हिरा पहिल्या पाण्याचाच! त्र्यंबकशेट तेवढे अडले. त्यांच्या मते हिरा दुसऱ्याच पाण्याचा होता, पण पहिल्याला अगदी खेटून.

राजाची भुवई पुन्हा चढली. "आता तर उजेडही एकच आहे. तरी मतं दोन?"

भिवरा म्हणाली, "महाराज, हा हिरा उंबरठ्यावर उभा आहे. कोणी म्हणेल घरात आला, कोणी म्हणेल अजून यायचाय. दोघंही खरंच बोलतात."

"मग देवीला मी काय सांगू? तिला तर पहिल्या पाण्याचा बोललोय."

"काही सांगू नये. उंबरठ्यावर आलेल्याला आई आत घेते, त्याचं पाणी विचारत नाही."

राजा असा खदखदून हसला की मस्तकावरचा शिरपेच तिरका झाला! तिन्ही भिंगे तिघांकडेच सन्मानाने राहिली, हिरा मुकुटात विराजला, आणि राजाने भिवरेला हवे ते मागायला सांगितले.

तिने आपल्या आळीत एक विहीर मागितली. "मात्र एक अट आहे, महाराज. तिच्या पाण्याची प्रत आपण ठरवू नये."

राजा पुन्हा हसला. या वेळी शिरपेच प्रधानजींनी वेळीच धरला.

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या दृष्टीला निर्मळ उजेड लाभो. त्यांच्या घरची घागर भरलेली राहो, उंबरठा पाहुण्यांनी गजबजो, आणि देव्हाऱ्यातली ज्योत सर्वांवर सारखीच प्रसन्न असो.