मिठागराच्या शाळेतली शेगडी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते मला विचारू नका. माझ्या पणजीलाही ते ठाऊक नव्हतं, आणि ती तर जगातलं सगळं ठाऊक असल्यासारखी बोलायची.

समुद्राकाठी एक गाव होतं. शेती नाही, बाग नाही, सावलीला धड एक झाड नाही. जिकडे पाहावं तिकडे खाऱ्या पाण्याचे वाफे आणि वाफ्यांच्या कडेला मिठाच्या राशी. सारं गाव मीठ पिकवायचं.

गावात एक शाळा होती. थोरले गुरुजी आणि धाकट्या बाई तिथे शिकवत. गुरुजी एक ओळ म्हणायचे, मुलं तीच ओळ म्हणायची. दुपारपर्यंत गुरुजींचा घसा बसायचा आणि मुलांचे डोळे मिटायचे. मग एकेक मूल शाळा सोडून आईबापाबरोबर वाफ्यावर जाऊ लागलं.

एकदा राजाचा कारभारी आला. ओस पडलेला वर्ग पाहून म्हणाला, "गुरुजी, इथे भिंतींना शिकवता की काय? तिकडे राजाचं मीठ उघड्यावर भिजतंय. ही इमारत कोठाराला देऊन टाकतो."

बाई पुढे आल्या. त्या याच शाळेत शिकून मोठ्या झाल्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, "एकदा संधी द्या, कारभारी."

कारभारी वाईट नव्हता, त्याला फक्त घाई होती. तो म्हणाला, "डोंगरांपलीकडे बर्फाच्या देशात एक शाळा आहे. तिथे म्हणे मुलं धावत येतात. दोघंही जा, शिकून या. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी येईन. वर्ग भरलेला दिसला तर शाळा, नाहीतर कोठार."

दोघं निघाले. डोंगर चढले, उतरले, थंडीनं कुडकुडले आणि एकदाचे त्या शाळेत पोहोचले.

तिथे वर्गाच्या मधोमध मोठी शेगडी धगधगत होती आणि मुलं तिच्याभोवती बसली होती. प्रत्येक मूल घरून एक लाकूड घेऊन यायचं. तिथली म्हातारी शिक्षिका लाकूड हातात घ्यायची आणि विचारायची, "हे कुठलं गं?" मुलगी सांगायची, "वादळात आमचा अक्रोड पडला, त्याचं." मग वादळ कुठून येतं, अक्रोडच का पडला, शेजारचं झाड का उभं राहिलं, असं बोलणं रंगायचं. लाकूड शेगडीत जायचं ते त्यानंतर.

गुरुजींचं लक्ष मात्र जाळावर होतं. "बाई, सगळी जादू या शेगडीत आहे! मुलं कशी चिकटून बसलीत पाहा."

"पण गुरुजी, इथे थंडी आहे."

"थंडीचं काय घेऊन बसलात! शेगडी नीट पाहून घ्या."

बाईंना शाळा वाचवायची होती. जिवाला घोर लागला की माणसाला काहीही पटतं, तसं त्यांनाही पटलं.

गावी परतल्यावर दोघांनी वर्गाच्या मधोमध खड्डा खणून शेगडी मांडली. नियम केला की प्रत्येकानं घरून लाकूड आणायचं. पहिल्या दिवशी झाडून सगळी मुलं आली. बाहेर चैत्राचं ऊन, आत जाळ! मुलांच्या अंगाला धारा लागल्या. गुरुजी उपरण्यानं कपाळ पुसत म्हणाले, "काय, मजा येतेय ना?"

"हो गुरुजी," मुलं खोकत खोकत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोडी कमी आली, मग आणखी कमी. एका सकाळी शेगडीपाशी गुरुजी आणि बाई दोघंच घाम पुसत बसले होते.

बाई उठल्या आणि तडक वाफ्यांवर गेल्या. तिथे वेणू मीठ ओढत होती. ही पहिल्या रांगेत बसणारी मुलगी.

"वेणू, शाळेत का येत नाहीस गं?"

"लाकूड नाही, बाई."

"पहिल्या दिवशी तर चांगलं मोठं आणलं होतंस."

वेणूनं मान खाली घातली. "ती आमच्या दाराची फळी होती. आई खूप ओरडली. आता भाकरी झाकून ठेवली तरी कुत्रं आत येऊन नेतं."

बाईंना रडूच कोसळलं. शाळा वाचवायला निघालो, आणि लेकरांच्या घरची दारं जाळून बसलो!

बाई रडतात हे पाहून वेणू घाबरली. तिनं घाईनं राशीतलं मूठभर मीठ उचललं आणि पुढे केलं. "बाई, लाकडाऐवजी हे चालेल? हे आमच्याकडे पुष्कळ आहे."

बाईंनी ते तळहातावर घेतलं आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "हे कुठलं गं?"

"कडेच्या वाफ्यातलं. तिथे पाणी उथळ, लवकर आटतं, म्हणून दाणा बारीक. मधल्या वाफ्यातला दाणा टपोरा असतो."

"लवकर आटलं की दाणा बारीक का होतो?"

वेणूनं एक दाणा चिमटीत धरून निरखला. मग तिचे डोळे चमकले. "ते नाही ठाऊक. बघू या का, बाई?"

त्या शाळेत आजवर एकाही मुलानं असं म्हटलं नव्हतं. बाई धावतच गुरुजींकडे आल्या आणि सगळं सांगितलं.

गुरुजी फुरंगटले. "मग एवढे डोंगर तुडवून आपण आणलं काय? कप्पाळ?"

"गुरुजी, लाकूड जाळात टाकण्याआधी ती म्हातारी काय करायची, आठवा बरं."

गुरुजींनी शेगडीजवळचं एक लाकूड उचलून उलटसुलट करून पाहिलं. "विचारायची," ते हळूच म्हणाले, "आणि ऐकायची." मग उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शेगडीवर घागर ओतली. "हुश्श! खरं सांगू बाई? पहिल्या दिवसापासून मला घेरी येत होती."

दुसऱ्या दिवसापासून मुलं मूठभर मीठ घेऊन येऊ लागली. कुणी शिंपला आणला, कुणी वाडग्यात भरतीचं पाणी आणलं. गुरुजी विचारायचे, मुलं सांगायची, अडलं की सगळे मिळून शोधायचे. "मलाही ठाऊक नाही रे, बघू या," असं म्हणताना गुरुजींना पहिल्यांदा जड गेलं, मग गोडी लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर कारभारी आला, तो मिठाच्या गाड्या घेऊनच. आत पाहतो तर पाय ठेवायला जागा नाही. विझलेल्या शेगडीच्या खड्ड्यात मिठाचे ढीग, भोवती मुलांचा कलकलाट. त्यानं चिमूटभर मीठ उचललं.

"अहो, थांबा!" वेणू म्हणाली. "कुठल्या वाफ्यातलं ते आधी सांगा."

कारभाऱ्याला सांगता येईना. तो दाणे निरखत खाली बसला, आणि बसला तो बसलाच. बाहेरून गाडीवान ओरडला, "कारभारी, मीठ कुठे उतरवू?"

"दुसरीकडे बघ कुठेतरी," कारभारी मान वर न करता म्हणाला. "इथे जागा नाही."

त्या संध्याकाळी गुरुजी एक फळी खांद्यावर घेऊन वेणूच्या घरी गेले आणि दाराला बसवून आले.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: विद्या दूरदेशाहून जरूर आणावी, पण तिचं सरपण आपल्याच घरात काय आहे ते पाहून निवडावं.