पाटलांच्या आजारी म्हशी

एकदा एका नदीच्या खोऱ्यात पाच गावे नांदत होती. त्यांच्यावर कुणा राजाची सत्ता नव्हती. पाचांनी आपसांत एक नियम तेवढा ठरवला होता. उन्हाळ्यात नदीला कुणीही बांध घालावा, पण खालच्या गावांसाठी पाण्याला वाट मोकळी ठेवावी. गुरांना खुरकूत होऊन खुरांना जखमा झाल्या, तर मात्र पाणी तुंबवून ती चिखलात उभी करता यावीत म्हणून ही वाट काही काळ बुजवण्याची मुभा होती.

एका वर्षी सर्वांत वरच्या, सर्वांत बलाढ्य गावाने वाट बुजवली. शेवटच्या गावाचा डोह बघता बघता आटला.

पाचही गावे ज्यांचा शब्द मानत, असे एक वृद्ध आचार्य मधल्या गावी राहत. त्यांचा शिष्य नेमका त्या शेवटच्या गावचा. त्याला थोरल्या भावाचा निरोप आला : "वरच्यांनी नवा ऊस लावलाय, त्यासाठी पाणी अडवलंय. उद्या आम्ही कुऱ्हाडी घेऊन निघतोय. तू येणार, की पोथ्याच वाचत बसणार?"

भाऊ रागीट होता आणि वरच्या गावात माणसे चौपट होती. शिष्य तसाच आचार्यांकडे गेला.

"आचार्य, ज्या नियमामागे राजा नाही, शिपाई नाही, तो कसला नियम? दुबळ्याने पाळायचा आणि बलवानाने मोडायचा!"

आचार्य काही बोलणार, तोच दारात बैलगाडी थांबली. वरच्या गावचे पाटील घाम पुसत आत आले.

"बाबा, लोक काहीबाही सांगतील, ते मनावर घेऊ नका. आम्ही नियम मोडलेला नाही. आमच्या म्हशींना खुरकूत झालीय. अशा वेळी वाट बुजवता येते, हे तुमच्यासमोरच ठरलंय."

"साफ खोटं..." शिष्य उसळला. आचार्यांनी हात वर करून त्याला थांबवले.

"बरं झालं पाटील, स्वतः येऊन सांगितलंत. फार आहेत का हो आजारी?"

"आहेत... बऱ्याच आहेत."

"अरेरे! घ्या, ताक घ्या. ऊन फार आहे."

पाटील गेल्यावर आचार्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी लगेच खालच्या चारही गावांना सांगावा धाडला : 'वरच्या गावच्या म्हशी आजारी आहेत. उद्या सकाळी सर्वांनी औषध घेऊन यावे. कुऱ्हाडी घरी ठेवाव्यात.'

शिष्याला राहवेना. "त्याचं खोटं तुम्हीच गावोगाव पोहोचवताय?"

"हो. आणि तू बाभळीची साल घे. तिच्या काढ्याने जखमा धुतात."

सकाळी चार गावांची माणसे साली, हळद आणि पाले घेऊन वरच्या गावात जमली. शिष्याचा भाऊही आला होता, पण कपाळाला आठ्या घालून. एवढे पाहुणे पाहून पाटील गोंधळले. तेवढ्यात म्हशी बाहेर निघाल्या. तुकतुकीत, धष्टपुष्ट, एकमेकींना शिंगे मारत.

"यातली आजारी कुठली म्हणायची?" कुणीतरी विचारले.

त्याच गावची एक म्हातारी फणकारली, "आजारी? त्या बांडीनं काल माझं कुंपण लोळवलं!"

सगळे हसले. पाटलांचे कान लाल झाले. आचार्य मात्र शांतपणे म्हणाले, "म्हणजे बऱ्या झाल्या. पाटलांनी वेळेवर उपाय केला, आनंद आहे. आता वाट बुजवायचं कारण उरलं नाही."

"पाटील, पाहुण्यांसमोर आणखी शोभा नको," त्यांच्याच गावचे लोक कुजबुजले. "काढा ते दगड."

"मी कुठं नाही म्हणतोय?" पाटील पुटपुटले.

दगड निघाले. सगळे नव्हे, निम्मेच. पण पाणी खळखळत खाली धावले.

परतताना आचार्य शिष्याला म्हणाले, "पाटील जर म्हणाले असते, 'मोडला नियम, काय करायचं ते करा,' तर मीही घाबरलो असतो. पण ते भर उन्हात खोटं बोलायला आले. ज्याला नियम मेलेला वाटतो, तो सबब सांगायला कशाला येईल? ती सबब म्हणजे त्यांनीच आपल्या हाती दिलेली दोरी होती. तू ती त्यांच्या तोंडावर फेकायला निघाला होतास."

"आणि बाकीची गावं आलीच नसती तर?"

"तर तुझा भाऊ एकटा पडला असता. नियमाला शिपाई नाही हे खरंच आहे, बाळ. आज इतके जण गेले, तेच त्याचं बळ."

नदीच्या कडेने शिष्य आपल्या गावी पोहोचला, तेव्हा डोहाच्या भेगाळलेल्या तळावर पाणी पसरू लागले होते. बायका घागरी घेऊन धावत येत होत्या.

"निम्मंच सोडलंय त्यांनी," भाऊ गुरगुरला. "उरलेल्याचं काय?"

"पुन्हा जाऊ," शिष्य म्हणाला. "मी बाकीच्या गावांना सांगून येतो."

देशादेशांमधला कायदा एखादा बलवान देश मोडतो, तेव्हा आपणही म्हणतो, कसला कायदा! त्या वेळी त्याने सांगितलेली सबब नीट ऐकून ठेवावी, आणि ती तपासायला सर्वांनी मिळून जावे.