नखुलीचा घास

वांग्याचा मळा होता. मळ्याच्या कडेला आंबा होता. आंब्याच्या खोडात भोक होतं. भोकात साळुंकीचं घरटं होतं.

घरट्यात पिल्लं होती तीन. एक ढोल्या. एक मधलं. एक नखुली.

मधलं पिल्लू काल उठलंच नाही. आईने त्याला चोचीत धरलं. दूर नेऊन टाकलं. परत आली ती अळी घेऊनच आली.

मग उरली दोघं. ढोल्या मोठा. नखुली नखाएवढी.

आई आली, भुर्र! चोचीत हिरवी अळी. लुसलुशीत! ढोल्याने चोच उघडली, आऽऽ! केवढी मोठी! आतून लालबुंद! नखुलीनेही उघडली, आ. एवढीशीच.

पण आज आई नखुलीकडे वळली. अळी नखुलीच्या चोचीत आली. आली, आली, आणि ढोल्याने ढुशी दिली!

अळी गेली ढोल्याच्या पोटात. नखुली गेली खाली. धप्प!

खाली पाचोळा होता. म्हणून वाचली. पण पोटात नुसती आग पडली होती.

नखुली म्हणाली, "आई, आई, घास दे ना!"

आईने खाली बघितलंच नाही. म्हणाली, "थांब गं. ढोल्या किती ओरडतोय बघ! तो गप्प बसेना, मी घास देईना."

आणि आई गेली, भुर्र!

शेंड्यावर डोमकावळा बसला होता. तो बघत होता. काही बोलला नाही.

नखुलीने मान वर केली. म्हणाली,

"आई घास देईना,
पोटातली आग विझेना!
दादा, दादा, गप्प बस ना!"

ढोल्या भोकातून वाकला. म्हणाला, "हॅट! मला गांडूळ हवं. जाडजूड हवं. कोंबडी माती उकरेना, मी गप्प बसेना."

नखुलीला उडता येत नव्हतं. ती निघाली उड्या मारत. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कोंबडीकडे आली. म्हणाली,

"दादा गप्प बसेना,
आई घास देईना,
पोटातली आग विझेना!
ताई, ताई, माती उकर ना!"

कोंबडी म्हणाली, "माती आहे का ही? दगड झालाय नुसता! माझी नखं झिजली. माझीच पिल्लं उपाशी. पाणी वाफ्यात येईना, मी माती उकरेना."

कावळा खालच्या फांदीवर आला. काही बोलला नाही.

नखुली निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ऊन फार होतं. पाय भाजत होते. पाटाशी आली. पाटात पाणी उभं होतं. नखुली म्हणाली,

"कोंबडी माती उकरेना,
दादा गप्प बसेना,
आई घास देईना,
पोटातली आग विझेना!
पाण्या, पाण्या, वाफ्यात ये ना!"

पाणी म्हणालं, "डुबुक! कसं येऊ? पुढे मातीचा बांध. ठकूमावशी बांध फोडेना, मी वाफ्यात येईना."

कावळा बांधावर आला. काही बोलला नाही.

नखुली निघाली. टुणुक. थांबली. टुणुक. थांबली. ठकूमावशी बसली होती लिंबाच्या सावलीत. खोरं बाजूला पडलं होतं. पुढे गोधडी. गोधडीवर तानू, तिची तान्ही लेक. तानू रडत होती, ट्यँ ट्यँ! ठकूमावशी तिला थापटत होती. नखुली म्हणाली,

"पाणी वाफ्यात येईना,
कोंबडी माती उकरेना,
दादा गप्प बसेना,
आई घास देईना,
पोटातली आग विझेना!
मावशी, मावशी, बांध फोड ना!"

ठकूमावशी म्हणाली, "अगं बाई, कशी उठू? वांगी वाळून चाललीत, दिसतंय मला. पण हात काढला की ही भोकाड पसरते. तानू रडायची थांबेना, मी बांध फोडेना."

कावळा जमिनीवर उतरला. एक पाऊल पुढे आला. आणखी एक पाऊल पुढे आला.

नखुली वळली. टुण. एवढीच उडी झाली. गोधडीच्या काठाशी पडली. अगदी हळू म्हणाली,

"मावशी बांध फोडेना,
पाणी वाफ्यात येईना,
कोंबडी माती उकरेना,
दादा गप्प बसेना,
आई घास देईना,
पोटातली आग विझेना!
तानू, तानू, रडू नको ना!"

तानूला कळलं नाही. तानू रडतच होती. ट्यँ ट्यँ!

नखुलीचा आवाज संपला. उडीही संपली. तिने नुसती चोच उघडली. आ.

तानूने बघितलं. एवढंसं तोंड. आतून लाल. आवाजच नाही!

तानूनेही तोंड उघडलं. आ.

नखुली बघते तानूकडे. तानू बघते नखुलीकडे. आ. आ.

आणि तानू रडायची थांबली!

तानू थांबली, तशी ठकूमावशी उठली. खोरं घेतलं. खच्च! बांध फोडला.
बांध फुटला, तसं पाणी धावलं. खळखळ, खळखळ! वाफ्यात आलं.
पाणी आलं, तशी माती भिजली. कोंबडी धावली. खरर् खरर्! माती उकरली.
माती उकरली, तशी गांडुळं निघाली. कोंबडीच्या पिल्लांनी खाल्ली. आई आली, भुर्र! एक जाडजूड गांडूळ उचललं. ढोल्याच्या चोचीत कोंबलं.
ढोल्याची चोच भरली. ढोल्या गप्प बसला.

आंबा गप्प. मळा गप्प.

तेव्हा आईला ऐकू आलं. अगदी बारीक. चीं.

आईने घरट्यात बघितलं. ढोल्याच्या शेजारी कुणीच नव्हतं. आईने खाली बघितलं. गोधडीच्या काठाशी नखुली. आणि नखुलीपाशी कावळा! त्याने चोच उचलली होती.

"चर्रर्र! चर्रर्र!" आई दगडासारखी खाली आली. कावळ्याच्या डोक्यावर टोचलं! पुन्हा टोचलं! कावळ्याने पंख मारला. आईची पिसं उडाली. तरी आई हटेना. ठकूमावशी खोरं घेऊन धावली. "हाड, मेल्या, हाड!"

कावळा उडाला. काव, काव! पहिल्यांदाच बोलला. दूर दूर गेला.

आईने नखुलीला चोचीने हलवलं. नखुली हलेना. पुन्हा हलवलं. नखुलीने एक डोळा उघडला.

"ऐकलंच नाही गं मी," आई म्हणाली. "माझी नखुली. आ कर."

नखुलीने चोच उघडली. एवढीशीच. आईने ओल्या मातीतून गांडूळ टिपलं. घास दिला. गिळला. आणखी एक दिला. तोही गिळला.

वर ढोल्या ओरडला, "मला! मला!"

आई म्हणाली, "थांब रे. आता हिची पाळी." आणि आईने आणखी एक घास दिला.

पाणी मातीत जिरलं,
नखुलीचं पोट भरलं.