सातव्या चोळीची गुंडी

पाव्हणं, पाण्यात वाकू नका. काठावर बसा, गूळपाणी घ्या. वारा नाही, पान हलत नाही, तरी तळ्याच्या मधोमध पाणी कसं लुकलुकतंय बघा. आणि माझ्या सदऱ्याची वरची गुंडी, म्हणजे तुमचं बटण, जागेवर नाही म्हणून मघापासून गालात हसताय, तेही कळलंय मला. दोन्हींची गोष्ट एकच आहे.

फार पूर्वी या काठाला भिवरा नावाची शिंपीण राहायची म्हणे. नवरा तापानं गेला. मागं राहिली सहा वर्षांची ठकी, आणि खुंटीवर त्याची बंडी. बंडीला पितळेची एकच गुंडी उरलेली. भिवरा रोज ती पदरानं पुसायची. बाईला तेवढाच आधार होता हो.

हात मात्र सोन्याचा. चोळीच्या बाहीवर दोऱ्यानं वेल काढायची, पानापानावर काचेचा मणी टाचायची आणि फुलाच्या मधोमध शिंपल्याची गुंडी.

एका दुपारी ठकी इथं पाण्यात वाकली आणि तशीच बसून राहिली. खाईना, बोलेना, आईला ओळखेना. उचलून घरी नेली की परत येऊन बसायची. तळ्यात साती आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी. पोर आवडली की तिचा हात धरतात, असं सांगतात. रोज ठकी वीतभर पुढं सरकायची. पोर हातची जाणार, हे भिवराला दिसत होतं.

देवऋषी म्हणाला, आसरांना सात चोळ्या वाहा, पण साती अगदी सारख्या. बहिणीबहिणीत डावं-उजवं नको. भिवरानं पोरीचा परकर आपल्या पदराला बांधला आणि काठावरच शिवायला बसली. बसल्या बसल्या तिला मण्यात पाणी दिसायचं, पाण्यात मणी. सुई कापडातून निघतेय की लाटेतून, उमजायचं नाही. सहा चोळ्या झाल्या. सातवीला एक गुंडी कमी पडली. बाजार चार दिवसांच्या वाटेवर, आणि ठकी गुडघाभर पाण्यात.

भिवरा पोरीला कडेवर घेऊन घरात गेली. बंडी उराशी धरून खूप रडली म्हणे. मग पितळेची गुंडी तोडून तिनं सातव्या चोळीला लावली. सारखेपणा मोडला, हे तिलाही ठाऊक होतं. परत काठावर येऊन तिनं साती चोळ्या पाण्यात सोडल्या आणि हात जोडून म्हणाली, "आयांनो, ही पोरीच्या बापाची आहे. याच्यापरतं माझ्याकडं काही नाही."

चोळ्या तरंगत मधोमध गेल्या आणि बुडाल्या. तिथलं पाणी लुकलुकायला लागलं. आणि इतक्या दिवसांनी ठकी हसली.

"आई, ती पिवळी गुंडी सगळ्यांनाच हवीय. भांडतायत बघ. माझा हात सोडला त्यांनी."

भिवरानं पोर उचलली आणि मागं न बघता घर गाठलं.

ते भांडण आजही मिटलेलं नाही, म्हणून पाणी असं चमकतं. आणि आजही आमच्याकडं बाळाच्या कुंचीवर मणी, गुंड्या सगळं सारखं लावतात. शेवटची गुंडी तेवढी बापाच्या सदऱ्याची तोडून. त्यामुळं सदऱ्याला गुंडी नसली तर इथं कुणी हसत नाही. विचारतात, "मुलगा की मुलगी?"

मुलगी. परवाच बारसं झालं. बाप बोटीवर आहे, म्हणून गुंडी आज्याची.